'अजून परीक्षा देणार का?' असं विचारलं तर काय सांगू?

तासगाव तालुक्यातल्या एका तरुणीचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून, थोडक्यात ते असं:

"वय २६. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी., प्रथम श्रेणी. नंतर चार वर्षं राज्यसेवेची तयारी. आधी पुण्यात, पैसे पुरेनात तेव्हा घरी येऊन. एकदा प्री निघाली, मेन्सला राहिले. घरी असताना एका क्लासवर नववी-दहावीला विज्ञान शिकवलं. हंगामात बाबांच्या बेदाणा शेडवर डिपिंगचं (द्राक्षं बुडवून काढायचं) पाणी करणं आणि हिशेब माझ्याकडे असतो. दिवाळीपासून कुपवाड, मिरज आणि शिरवळला लॅबमधल्या जागांसाठी सहा मुलाखती दिल्या. सगळीकडे 'कळवतो' म्हणाले, कुणी कळवलं नाही. गाडी दर वेळी 'चार वर्षं काय करत होता?' आणि 'अजून परीक्षा देणार का?' इथेच अडते. लग्नाचंही विचारतात. इंग्रजीत बोलायची वेळ आली की घशाला कोरड पडते. एका ठिकाणी टायट्रेशनचा (द्रावणाची तीव्रता मोजण्याचा) साधा प्रश्न आला, उत्तर येत असून सुचलं नाही. मामांचं कुपवाडला छोटं वर्कशॉप आहे. ते दोन वर्षांच्या अनुभवाचा दाखला द्यायला तयार आहेत. बाबा म्हणतात, साखर कारखान्याच्या एका संचालकांकडे शब्द टाकू. मैत्रीण म्हणते, मुलाखत नसलेल्या परीक्षाच दे. यंदाचा राज्यसेवेचा फॉर्म मी भरून ठेवला आहे. गॅप झाकायचा, की खरं सांगून नोकऱ्या घालवत बसायचं?"

तुमच्या मूळ पत्रात गॅपबद्दल जवळजवळ दीड पान आहे. टायट्रेशनबद्दल एक वाक्य आणि भरून ठेवलेल्या फॉर्मबद्दल एक. माझं लक्ष त्या दीड पानापेक्षा या दोन वाक्यांकडे जास्त गेलं.

कुपवाडच्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं भरतीचं काम पाहिलं. टेबलाच्या पलीकडे बसलेल्या माणसाच्या डोक्यात काय चाललेलं असतं ते आधी सांगते, कारण उमेदवाराला तो न्यायाधीश वाटतो आणि प्रत्यक्षात तो अडलेला असतो. लॅबमधला एक केमिस्ट सोडून गेलेला असतो. उरलेले दोघे डबल ड्युटी करून वैतागलेले असतात. प्रॉडक्शनवाले रिपोर्टसाठी दारात उभे. अशा वेळी समोर आलेल्या मुलीबद्दल लॅब इन्चार्जला दोन गोष्टी कळायला हव्या असतात: हिला सोमवारी बसवलं तर काम येईल का, आणि सहा महिन्यांनी हीच जागा पुन्हा भरायची वेळ येईल का. बायोडाटावर चार वर्षं रिकामी दिसली की या दोन शंका जरा वाढतात. विषय विसरली असेल का? जाहिरात आली की जाईल का?

तुम्ही मात्र कुणी न विचारलेल्या तिसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देत बसता: मी वाया गेलेली मुलगी नाही. 'स्पर्धा परीक्षेने मला शिस्त, संयम आणि वेळेचं नियोजन शिकवलं' हे उत्तर तुम्ही पाठ केलं आहे, असं लिहिता. त्यात खोटं काही नाही. पण हेच वाक्य, याच क्रमाने, इतक्या मुलांनी म्हटलं आहे की ऐकणारा तोवर तुमच्या मार्कलिस्टकडे बघू लागलेला असतो. सांगली-साताऱ्याकडे कुणी ना कुणी अभ्यासिकेत बसलेलं नाही असं घर शोधावं लागेल. मुलाखत घेणाऱ्याचाच पुतण्या कदाचित सदाशिव पेठेत खोली करून असेल. अर्ज लाखांनी आणि जागा शेकड्यांनी, हे त्यालाही माहीत आहे. चार वर्षं दिली आणि झालं नाही, यात लपवण्यासारखं काही आहे हे त्याच्या ध्यानीमनीही नसतं. तुम्ही चाचरलात की मात्र त्याचे कान टवकारतात.

आता त्या फॉर्मकडे वळू. एक विचारते, उत्तर मला कळवू नका, स्वतःला द्या: तुम्ही परीक्षा सोडली आहे का? पत्रात सगळीकडे 'तयारी केली' असा भूतकाळ आहे, आणि शेवटी फॉर्म निघतो. 'अजून परीक्षा देणार का?' या प्रश्नावर तुम्ही 'नाही सर, आता नाही' म्हणत असाल आणि मनात प्रीची तारीख फिरत असेल, तर ते चेहऱ्यावर दिसतं. त्यासाठी मानसशास्त्र शिकलेला माणूस लागत नाही. वीस वर्षं कामगारांच्या रजा मंजूर करणाऱ्याला ते बरोबर कळतं.

परीक्षा खरोखर सोडली असेल, तर उत्तर अगदी छोटं ठेवा. 'चार वर्षं राज्यसेवेची तयारी केली. एकदा प्री निघाली, मेन्सला राहिले. आता थांबवलंय. सध्या बी.एस्सी.ची प्रॅक्टिकल्स पुन्हा करतेय.' आणि गप्प बसा. हे गप्प बसणं अवघड जातं. समोरचा दोन क्षण काही बोलत नाही, आपल्याला वाटतं अजून काहीतरी सांगायला हवं, आणि मग घरची परिस्थिती, आयोगाचा बदललेला पॅटर्न, लांबलेल्या तारखा असं सगळं बाहेर पडतं. ते ऐकून कीव येईल, नोकरी मिळणार नाही. शेवटचं वाक्य मात्र खरं असलं पाहिजे. ते खरं कसं करायचं, ते पुढे सांगते.

एक शेवटचा प्रयत्न द्यायचाच असेल, तर तसं सांगा: 'नोकरी करत एकदा देणार आहे. परीक्षेच्या दिवसांची रजा लागेल, ती आधी कळवीन.' काही जण तिथेच फाइल मिटतील. मिटू द्यात. मात्र स्वतःशी हिशेब नीट करा. २०२५ पासून राज्यसेवेची मेन्स वर्णनात्मक झाली आहे. लेखी १७५० गुणांची आणि मुलाखत २७५ गुणांची. कामाची पाळी संपवून, कुपवाडहून तासगावची एसटी पकडून, रात्री जेवणानंतर निबंध लिहायला बसणारी मुलं मी पाहिली आहेत. निभावणारी थोडी. बाकीच्यांचं कामातही मन नसतं आणि अभ्यासातही. दुसरीकडे, तुम्ही २६ वर्षांच्या आहात. वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागास प्रवर्गाला ४३ आहे. दोन-तीन वर्षं नोकरी करून, गाठीला पैसे जोडून परत त्या वाटेला जायला वेळ आहे. आत्ता सोडणं म्हणजे कायमचं सोडणं, या धास्तीने बऱ्याच जणांचा निर्णय लटकलेला असतो.

आणि काहीच ठरत नसेल, तर मुलाखती थोडे दिवस थांबवा. घरच्यांसमोर एक तारीख ठरवा आणि त्या दिवशी हो किंवा नाही करून टाका. न ठरवता शिरवळला जाऊन येणं म्हणजे खंबाटकी घाट दोनदा ओलांडण्याचं तिकीट काढणं, एवढंच.

मैत्रिणीचं म्हणणं माहितीपुरतं बरोबर आहे. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट 'क' आणि गट 'ब' मधल्या अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंद केल्या. त्यातलं एखादं पद मनापासून हवं असेल तर जरूर द्या. पण मुलाखत चुकवायची म्हणून परीक्षा निवडणार असाल तर हे लक्षात घ्या, की फॉर्म भरलेल्या तुमच्या राज्यसेवेतच २७५ गुण मुलाखतीचे आहेत. आज मिरजेच्या एका लॅब इन्चार्जसमोर घशाला कोरड पडते, तर आयोगाच्या पॅनेलपुढे काय होईल?

आता टायट्रेशन. 'येत असून सुचलं नाही' असं तुम्ही म्हणता. मला शंका आहे, आणि वाईट वाटून घेऊ नका. चार वर्षं ब्युरेटला हात लागलेला नाही. ते येत होतं. आता पुस्तकातली ओळ तेवढी आठवते. प्रयोगशाळेचा माणूस पुस्तकातली ओळ विचारत नाही. तो विचारतो, ब्युरेट ज्या द्रावणाने भरायची त्यानेच खंगाळतो, मग कोनिकल फ्लास्क त्यात घ्यायच्या द्रावणाने का खंगाळायचा नाही? सोडियम हायड्रॉक्साइड वजन करून घेतलं तरी त्याची नॉर्मॅलिटी (तीव्रता) पुन्हा का काढावी लागते? हाताने काम केलेला चटकन म्हणतो, फ्लास्कमध्ये चिकटून राहिलेलं द्रावण जास्तीचं धरलं जाईल, रीडिंग चढेल. आणि सोडियम हायड्रॉक्साइड हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढतं, वजनावर भरवसा नाही, म्हणून ऑक्झॅलिक अ‍ॅसिडसारख्या पक्क्या पदार्थासमोर ते तपासून घ्यायचं.

यावर उपाय सोपा आहे आणि जवळजवळ फुकट. स्वतःच्या कॉलेजात जा. विभागप्रमुखांना भेटा, चार-पाच दुपारी लॅबमध्ये उभं राहण्याची परवानगी मागा. माजी विद्यार्थिनीला, त्यातून अर्ज लिहून आणलेल्या, सहसा कुणी नाही म्हणत नाही. तिथल्या लॅब असिस्टंटशी गट्टी जमवा. कित्येकदा प्राध्यापकांपेक्षा त्यांना जास्त माहीत असतं की कुठल्या बाटलीत काय बिघडतं. आम्ल-अल्कली, रेडॉक्स, पाण्याचा जडपणा, सामू (pH) मोजण्याच्या मीटरचं कॅलिब्रेशन, एवढं हातात बसवा. करताना तोंडाने बोलत राहा, बाजूला कुणी नवखं उभं आहे असं समजून. नववी-दहावीच्या पोरांना तुम्ही हेच करत आला आहात.

एक प्रश्न जवळजवळ प्रत्येक लॅबमध्ये येतो आणि हुशार मुलंही त्यात फसतात: 'रीडिंग चुकलं तर काय कराल?' मुलं सांगतात, 'पुन्हा काळजीपूर्वक घेईन.' समोरच्याला ऐकायचं असतं ते वेगळंच. चुकलेला आकडा खोडरबरने पुसायचा नाही, व्हाइटनर लावायचा नाही, त्यावर गिरवायचंही नाही. एक आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख आणि कारण. मग इन्चार्जला कळवायचं. औषधं आणि अन्नपदार्थांच्या लॅबमध्ये हुशारीपेक्षा याची किंमत जास्त असते. मालाचा ट्रक गेटवर उभा असताना कुणी 'आकडा जरा बसव' म्हणालं तर तुम्ही काय कराल, हाच मूळ प्रश्न आहे. नुसता विचारायच्या ओघात सौम्य झालेला.

पुढचा मुद्दा लिहिताना मला हसू येतंय, रागावू नका. सहा ठिकाणी तुम्ही सांगितलंत, 'अनुभव नाही, घरी शेतीत मदत करते.' अहो, दर हंगामाला तुम्ही डिपिंगचं पाणी करता! शिफारस साधारण एका लिटरला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिलिलिटर डिपिंग ऑइल अशी असते. ते ऑइल म्हणजे इथाइल ओलिएट, एक एस्टर. द्रावणाचा सामू ११ च्या आसपास. त्याने द्राक्षाच्या सालीवरचा मेणाचा थर सैल होतो, आतलं पाणी लवकर निघतं, माल रॅकवर दोनेक आठवड्यांत वाळतो. मग गंधकाची धुरी, रंगासाठी. चार किलो द्राक्षाला साधारण एक किलो बेदाणा, म्हणजे उताराही तुम्हाला तोंडपाठ असणार. हे सगळं रसायनशास्त्र आहे, आणि ते तुम्ही शेडमध्ये, मजुरांच्या गडबडीत, पैशाचं नुकसान होऊ न देता केलं आहे. अन्नप्रक्रियेच्या कंपनीत हे सांगितलंत आणि समोरचा खुर्चीत पुढे सरकला नाही, तर ती कंपनी चुकीची समजा.

पण सांगायचं कसं? 'मला बेदाण्याचं ज्ञान आहे' असं मोघम नको. एक प्रसंग निवडा. समजा एखाद्या साली माल काळा पडला, किंवा पाण्यात टाकलेलं ऑइल फुटून वर तरंगायला लागलं. तेव्हा काय दिसलं, तुम्हाला काय वाटलं, काय बदललंत, काय फरक पडला. दीड-दोन मिनिटांत संपलं पाहिजे. द्रावण किती घाण्यांनंतर बदलायचं याची नोंद ठेवत असाल तर ती वही घेऊन जा. ठेवत नसाल तर ठेवते म्हणू नका. येत्या हंगामापासून ठेवा. आणि धुरी जास्त झाली तर बेदाण्यात काय उरतं, ते लॅबमध्ये कसं मोजतात, हे वाचून ठेवा, कारण पुढचा प्रश्न तोच येईल. हे वाचणाऱ्या इतरांनीही घरच्या कामाकडे या नजरेने बघावं. गोठ्यातलं दूध डेअरीला घालताना फॅट आणि एसएनएफच्या (फॅट सोडून उरणाऱ्या घन पदार्थांच्या) चिठ्ठीवरून वाद घातलेल्या मुलाला फॅट मोजायची गर्बर पद्धत समजून घ्यायला संध्याकाळ पुरते. सल्फ्युरिक अ‍ॅसिड दुधातली प्रथिनं विरघळवतं आणि फॅट मोकळं होतं, हे त्याला एकदा सांगितलं की तो विसरत नाही.

कंपनीची माहिती काढा, असं सगळेच सांगतात आणि मुलं वेबसाइटवरचं 'आमचं ध्येय' पाठ करून येतात. त्यापेक्षा दुकानात जाऊन त्या कंपनीचं पाकीट विकत घ्या. मागचं लेबल वाचा. घटक कुठले, टिकण्याची मुदत किती, साठवण कशी. त्यावरून लॅबमध्ये रोज काय तपासत असतील याचा अंदाज बांधा: ओलावा, आम्लता, मीठ, फॅट. मुलाखतीत 'तुमच्या या मालात ओलाव्याची मर्यादा महत्त्वाची असणार, ती तुम्ही ओव्हनने काढता का?' असं विचारलंत की तुमचा गॅप कुणाच्या लक्षात राहणार नाही. कंपनी दुसऱ्या कारखान्यांना माल देत असेल आणि पाकीट मिळत नसेल, तर तिथे काम करणारं कुणीतरी गाठा.

इंग्रजीचं मला फार लिहायचं नाही. लॅबचे निम्मे शब्द इंग्रजीच असतात आणि ते तुम्हाला येतात. 'मायसेल्फ' ने सुरू होणारी पाठ केलेली ओळख सोडून द्या. पहिला शब्द विसरला की सगळं कोसळतं. स्वतःच्या प्रत्येक प्रयोगावर आणि त्या डिपिंगवर पाच-पाच साधी इंग्रजी वाक्यं तयार करा, मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. ऐकताना लाज वाटेल; ती चार दिवसांत जाते. अडलं तर 'मराठीत सांगितलं तर चालेल का?' असं सरळ विचारा. कुपवाड-मिरजेत बहुधा हो म्हणतील. शिरवळला बाहेरून आलेले अधिकारी असतात, तिथे मोडकंतोडकं हिंदी-इंग्रजीच चालवावं लागेल, पण भाषा मोडकी आणि उत्तर बरोबर असं असलेलं मी अनेकदा निवडलं आहे.

लग्नाचा प्रश्न. तो विचारायला नको, हे आधी म्हणते. भरती करताना स्त्री म्हणून दुजाभाव करायला १९७६ च्या समान वेतन कायद्याने मनाई केली, आणि वेतन संहितेतही ती मनाई आहे. पण मुलाखतीत कायद्याचं कलम काढलंत तर प्रश्न थांबेल आणि मुलाखतही. बहुतेकांच्या मनात दोन हिशेब असतात: ही गाव सोडून जाईल का, आणि प्रसूतीच्या रजेचा खर्च. दुसऱ्याबाबत एक गोष्ट अनेक छोट्या कारखानदारांच्या लक्षातच नसते. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेला कामगार, योजना लागू असलेल्या कारखान्यात, कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) योजनेत येतो, आणि तिथे २६ आठवड्यांचा प्रसूती लाभ महामंडळ देतं, मालक नाही. हे तुम्ही त्यांना शिकवायला जाऊ नका. पण तुमच्याकडून त्यांचं फार नुकसान होणार आहे, असा अपराधी भाव तरी मनात आणू नका. उत्तर एका वाक्यात: 'ठरलेलं नाही, ठरलं तरी नोकरी करायची आहे, आणि काही बदल झाला तर नोटीस पीरियड पाळून सांगेन.' 'तीन वर्षं लग्न करणार नाही' असलं वचन कुणालाही देऊ नका, तोंडी नको आणि कागदावर तर मुळीच नको. तरीही समोरचा मुलाबाळांपर्यंत पोचला, तर 'ते घरचं आहे सर, कामाबद्दल विचारा' असं हसून म्हणा. त्यावर चिडणाऱ्याच्या हाताखाली काम करायचं की नाही, हेही तुम्हीच ठरवायचं आहे.

मामांचा दाखला घेऊ नका. नीतीचं बाजूला ठेवा, तो टिकतच नाही. मामांच्या वर्कशॉपमध्ये लेथ आणि ड्रिल असणार. तिथे केमिस्टने दोन वर्षं काय केलं? लॅब इन्चार्ज दुसऱ्या प्रश्नाला विचारेल, तुमच्याकडे कुठला सामू मीटर होता आणि तो कॅलिब्रेट कोण करायचं. पगाराच्या चिठ्ठ्या मागतील, बँकेतल्या नोंदी मागतील, प्रॉव्हिडंट फंडाचा बारा अंकी यूएएन मागतील. वीसपेक्षा कमी कामगार असल्याने फंड नव्हता, असं सांगता येईलही, पण मग पगार बँकेत का दिसत नाही? आणि सगळं निभावून नोकरी लागलीच, तर दोन वर्षांनी कुठल्या तरी तपासणीत हे निघेल आणि त्या खऱ्या दोन वर्षांचाही दाखला मिळणार नाही. मामांची मदत नाकारू नका, वळवा. वर्कशॉपमधले जॉब ते प्लेटिंगला, म्हणजे धातूचा मुलामा द्यायला, कुठेतरी पाठवत असणार. प्लेटिंगच्या टाकीतल्या द्रावणाची तीव्रता तपासत राहावी लागते आणि ती बरीचशी टायट्रेशननेच तपासतात. 'भाचीला दोन महिने तुमच्याकडे बसवा, पगार नसला तरी चालेल' एवढं मामा त्या प्लेटिंगवाल्याला म्हणू शकतील. त्यातून मिळेल तो दाखला दोनच महिन्यांचा असेल, पण त्यावरचा प्रत्येक प्रश्न तुम्हाला झेलता येईल. तिथे हातमोजे, गॉगल वापरा. प्लेटिंगची रसायनं साधी नसतात.

बाबांच्या ओळखीबद्दल मी सोवळी नाही. आपल्याकडे निम्म्या जागा कुणाच्या तरी सांगण्यावरूनच कळतात. जागा कुठे आहे, लॅब कोण बघतं, काम काय आहे, हे संचालकांकडून जरूर कळून घ्या आणि अर्ज योग्य टेबलावर पोचवा. त्यापुढे 'हिला घ्याच' असा दबाव आला, तर पहिल्या दिवसापासून लॅबमधले तुम्हाला 'संचालकांची माणूस' म्हणतील आणि काम शिकवणार नाहीत. शिवाय साखर कारखान्यातल्या लॅब केमिस्टच्या जागा बऱ्याचदा हंगामी असतात. गळीत संपलं की घरी. ते आधी विचारा. हंगामी असली तरी वाईट नाही, रसातले विरघळलेले घन पदार्थ (ब्रिक्स) आणि साखर (पोल) मोजायला शिकाल आणि खरा अनुभव कागदावर येईल. फक्त बेदाण्याचा हंगाम आणि गळीत एकाच वेळी येतात, तेव्हा शेडवर कोण बघणार याचं बाबांशी आत्ताच बोलून घ्या.

पगाराचा प्रश्न आला की मुलं एकतर लाजतात किंवा मित्राने सांगितलेला आकडा फेकतात. त्याच भागातल्या दोन-तीन लॅबमध्ये नवख्याला काय देतात ते आधी विचारून घ्या. सीटीसी (कंपनीला तुमच्यावर येणारा एकूण खर्च) आणि हातात येणारी रक्कम यांत फरक असतो: मूळ वेतनावर तुमचा १२ टक्के फंड जातो, मालकाचा हिस्साही बहुधा सीटीसीतच धरलेला असतो, विमा योजनेत असाल तर तुमचे ०.७५ टक्के. महाराष्ट्रात महिन्याला २५,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या स्त्रियांना व्यवसाय कर नाही, तो कापला तर विचारा. आणि शेवटी 'तुम्हाला काही विचारायचंय?' म्हणतात, तेव्हा 'नाही सर' म्हणून उठू नका. दुसरी पाळी किती वाजता सुटते, स्त्रियांसाठी गाडी कुठपर्यंत येते, पहिले सहा महिने कुणाच्या हाताखाली काम असेल, हे विचारा. रात्री कुपवाडमध्ये उतरून तासगावला कसं जायचं हा तुमचा खरा प्रश्न आहे आणि तो नेमणुकीनंतर सुटत नाही.

ज्यांना मुलाखतीआधीच 'रजिस्ट्रेशन फी', 'सिक्युरिटी डिपॉझिट' किंवा 'युनिफॉर्मचे पैसे' मागणारे फोन येतात, त्या वाचकांसाठी एवढंच: पैसे मागणारी नोकरी घेऊ नका, ऑनलाइन तर नाहीच. मूळ मार्कलिस्टही कुणाकडे ठेवायला देऊ नका. दाखवा आणि परत घ्या.

तुमच्यासाठी आणखी एक काम. प्रत्येक मुलाखतीनंतर परतीच्या एसटीत बसल्या बसल्या विचारलेले सगळे प्रश्न वहीत लिहा, आणि प्रत्येकापुढे तुम्ही काय बोललात तेही, सुधारून न लिहिता. जमलं तर आठवड्याने एचआरला फोन करून विचारा, 'कुठे कमी पडले ते सांगाल का?' बहुतेक जण टाळतील, एखादा सांगेल. आधीच्या सहा मुलाखतींचंही आठवेल तेवढं लिहून काढा. मला वाटतं, त्यात टायट्रेशनसारखे अडखळलेले प्रश्न पत्रात लिहिलेत त्यापेक्षा जास्त निघतील. लॅबमध्ये उभं राहून झाल्यावर आणखी दोन-तीन मुलाखती द्या, आणि तरीही 'कळवतो' वरच थांबलं, तर ती पानं कंपन्यांची नावं खोडून मला पाठवा. तेव्हा अंदाजाने लिहावं लागणार नाही.